नकलेचा बाजार आणि निर्मितीचा हक्क : पोलंडमधील संगणकीय खेळांच्या चाचेगिरीचा नैतिक इतिहास (१९८५ ते २०१९)

प्रस्तावना

संगणकीय खेळाची परवानगीवाचून प्रत काढणे वा विकणे यास मराठीत 'चाचेगिरी' हा शब्द रूढ झाला आहे. हा शब्द इंग्रजी शब्दाच्या भाषांतरातून आला, आणि महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकाला तो वापरताना थोडे सावध राहावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत सरखेल कान्होजी आंग्रे यांचा उल्लेख चाचा असाच येतो. मराठी दप्तरांच्या दृष्टीने मात्र ते कोकण किनाऱ्यावर जहाजांना दस्तक देण्याचा अधिकार असलेले आरमारप्रमुख होते. समुद्रावरील कृती एकच, पण तिला लूट म्हणायचे की वसुली, हे कोणाची सत्ता कोणी मान्य केली होती यावर अवलंबून राहिले. अर्थात या दाखल्यावरून प्रत्येक चाचा हा सरखेल ठरत नाही. मात्र एवढे निश्चित, की 'चाचेगिरी' हा शब्द उच्चारला की त्यात निकालही उच्चारला जातो, आणि इतिहासलेखनात निकाल आधी देऊन पुरावा नंतर तपासणे योग्य नव्हे.

संगणकीय खेळांच्या अनधिकृत प्रतींविषयीचा वाद बहुधा दोन ठोकळ भूमिकांत मांडला जातो. एका बाजूने ती सरळ चोरी मानली जाते. दुसरी बाजू म्हणते, की मूळ वस्तू मालकाकडेच राहते, तेव्हा चोरी कसली? दोन्ही भूमिका देश, काळ, किंमत व कायदा यांना वगळून बोलतात. प्रस्तुत लेखात हा प्रश्न पोलंड या एका देशाच्या अनुभवातून तपासला आहे. या देशात एकाच पिढीच्या आयुष्यात अनधिकृत प्रत ही प्रथम एकमेव उपलब्ध प्रत होती, नंतर गुन्हा झाली आणि शेवटी जगभर खेळ विकणाऱ्या उद्योगाची पूर्वपीठिका म्हणून कौतुकाने सांगितली जाऊ लागली. या कौतुकात एका घटकाचे नुकसान झाकले गेले आहे. तो घटक म्हणजे पोलिश भाषेत खेळ लिहिणारा पोलिश लेखक.

टंचाईच्या अर्थव्यवस्थेतील संगणक

१९८१ च्या डिसेंबरमध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि तो १९८३ च्या जुलैपर्यंत टिकला. याच वर्षांत पश्चिम युरोपात घरगुती संगणक सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येत होता. ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' १९८२ मध्ये बाजारात आला, त्याच वर्षी अमेरिकेत 'कमोडोर ६४' विक्रीस आला. पोलंडच्या दुकानांत ही यंत्रे नव्हती. पाश्चात्त्य देशांनी समाजवादी राष्ट्रांकडे जाणाऱ्या तंत्रज्ञानावर 'कोकॉम' या यंत्रणेमार्फत निर्बंध घातले होते. आठ-बिटांच्या साध्या संगणकांपुरते ते दशकाच्या मध्यास सैल झाले. त्याहून मोठा अडसर चलनाचा होता. झ्लोटी परकीय चलनात मुक्तपणे बदलता येत नसे. काळ्या बाजाराच्या दराने पाहिल्यास सरासरी मासिक वेतन वीस-तीस डॉलरांच्या आसपास भरे. डॉलर स्वीकारणाऱ्या 'पेवेक्स' या सरकारी दुकानांत अटारी कंपनीचे आठ-बिट संगणक मिळू लागले, तेव्हा परदेशातील नातलगाने धाडलेले पैसे हाच अनेक घरांचा एकमेव मार्ग होता. बाकीची यंत्रे प्रवाशांच्या सामानातून आली.

यंत्र आले तरी खेळ येत नसत, हे या इतिहासाचे मर्म आहे. ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रमच्या एका खेळाची कॅसेट साधारण पाच ते दहा पौंडांस मिळे. वॉर्सा किंवा व्रोत्सवाफ येथील विद्यार्थ्याने एवढे पौंड साठवले असते, तरी ते देऊन अशी कॅसेट घ्यावी असे दुकानच त्याच्या शहरात नव्हते. ब्रिटिश प्रकाशकांनी पोलंडमध्ये वितरक नेमले नव्हते आणि नेमण्याचे कारणही त्यांना दिसत नव्हते. अशा स्थितीत प्रकाशकाची एखादी विक्री बुडाली असे म्हणण्यासाठी आधी ती विक्री शक्य असावी लागते.

तांत्रिक बाजूही प्रत काढणाऱ्याच्या सोयीची होती. स्पेक्ट्रमसारख्या यंत्राचा कार्यक्रम साध्या ध्वनिफितीवर किरकिरत्या आवाजाच्या रूपात साठवलेला असे आणि चार-पाच मिनिटांत यंत्राच्या स्मृतीत उतरे. दोन टेपरेकॉर्डर एका तारेने जोडले की प्रत तयार होई. आवाज म्हणजेच कार्यक्रम असल्यामुळे तो नभोवाणीवरूनही पाठवता येई. युगोस्लाव्हियात १९८३ पासून आणि पोलंडमध्ये त्या दशकाच्या उत्तरार्धात असे प्रयोग झाले. श्रोत्यांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कार्यक्रम उतरवून घेतले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या 'बायतेक' या मासिकाने संगणकाची गोडी असलेल्या मुलांची एक पिढी घडविली. या व अशा मासिकांत ज्या परदेशी खेळांचे वर्णन व नकाशे येत, त्यांची अधिकृत प्रत वाचकाला देशात कोठेही विकत मिळत नसे. तरीही ते लेख उपयोगी ठरत, यावरून वाचक खेळत असलेल्या प्रती कोणत्या होत्या हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या संदर्भात राज्यसंस्थेचे वर्तनही ध्यानात घेतले पाहिजे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सोव्हिएत गटातील राष्ट्रांनी मोठ्या संगणकांची जी एकत्रित मालिका उभारली, ती आयबीएम कंपनीच्या 'सिस्टिम ३६०' या रचनेची अनुकृती होती आणि पोलंड त्या प्रकल्पात सहभागी होता. व्रोत्सवाफ येथील 'एल्व्ह्रो' या सरकारी कारखान्याने शाळांसाठी काढलेला 'एल्व्ह्रो ८०० ज्युनिअर' स्पेक्ट्रमचे कार्यक्रम चालवील अशाच बेताने तयार केलेला होता. शाळेसाठी अनुकृतीचे यंत्र बनविणाऱ्या शासनाने विद्यार्थ्याला प्रतीच्या कॅसेटबद्दल नीतिपाठ देणे कठीण होते, आणि तसा तो दिला गेल्याचे दिसतही नाही.

ग्शिबोव्स्का रस्त्यावरील बाजार

वॉर्सातील ग्शिबोव्स्का रस्त्यावर एका प्राथमिक शाळेच्या इमारतीत सुट्टीच्या दिवशी संगणकांचा बाजार भरे. अशा बाजाराला पोलिश भाषेत 'ग्येउदा' म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ शेअर बाजार असा आहे. देशात समाजवादी व्यवस्था असताना लहान मुले व तरुण 'ग्येउद्या'त उलाढाल करीत होते, तर खरा वॉर्सा शेअर बाजार १९९१ च्या एप्रिलमध्ये, तोही कम्युनिस्ट पक्षाच्या माजी मुख्यालयाच्या इमारतीत, पुन्हा सुरू झाला. इतिहासाने केलेली ही कोटी पुढे आणखी एकदा उपयोगी पडणार आहे.

ग्शिबोव्स्कावर सुटे भाग, तारा, कोऱ्या फिती, छायाप्रत केलेल्या पुस्तिका आणि खेळ असे सारे मिळे. विक्रेत्याकडे खेळांची यादी असे व गिऱ्हाईक निवड करी. या व्यवहारात लज्जेचा वा लपवाछपवीचा भाग फारसा नव्हता, कारण कायद्याने तो तसा मानलाच नव्हता. त्या वेळी लागू असलेला पोलिश लेखाधिकार कायदा १९५२ चा होता. तो पुस्तक, संगीत, चित्र यांसाठी रचला गेला होता आणि त्यात संगणकीय कार्यक्रमाचा स्पष्ट उल्लेख नव्हता. परदेशी प्रकाशक तक्रार करण्यास हजर नव्हता. अशा रीतीने कृती, कायदा व फिर्यादी या तिहींपैकी केवळ पहिली गोष्ट अस्तित्वात होती.

या बाजारात येणाऱ्या शाळकरी मुलांत मार्चिन इविन्स्की हे एक होते. ते आणि त्यांचे शाळासोबती मिखाउ किचिन्स्की यांनी पुढे 'सीडी प्रोजेक्ट' ही संस्था काढली. इविन्स्की यांनी नंतरच्या मुलाखतीत सांगितलेली एक हकिकत या बाजाराचे अर्थशास्त्र स्पष्ट करते. त्यांनी ग्रीसमधील एका व्यक्तीला पत्र लिहून 'टार्गेट: रेनेगेड' या खेळाची प्रत मागविली. कॅसेट आल्यावर ते ती घेऊन बाजारात गेले आणि काही दिवस तरी त्या बाजारातील मानाचे स्थान त्यांना लाभले. हे स्थान पैशामुळे लाभले नव्हते. ज्याच्याकडे नवा खेळ प्रथम येई त्याला इतर जण आपले खेळ बदल्यात देत. म्हणजे विक्रीच्या बाजाराच्या पोटात वस्तुविनिमयाचा आणि प्रतिष्ठेचा एक दुसरा बाजार होता, आणि त्यात परदेशाशी पत्रव्यवहार करण्याची खटपट हेच भांडवल होते.

नैतिक दृष्ट्या येथे तीन कृती वेगळ्या ओळखल्या पाहिजेत: स्वतःसाठी प्रत काढणे, मित्राला प्रत देणे आणि अनोळखी माणसाला प्रत विकणे. पहिल्या दोहोंत लाभ खेळण्याचा असतो. तिसरीत दुसऱ्याच्या श्रमातून रोख रक्कम मिळते. पोलंडमध्ये या तिन्ही कृती एकाच छपराखाली, बहुधा एकच माणूस एकाच दिवशी करी. त्यामुळे त्यांतील भेद त्या काळी कोणाला जाणवला नाही. तरीही तिसऱ्या कृतीचे समर्थन पहिल्या दोहोंइतके सोपे नाही. विक्रेत्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की तो फितीची, यंत्राची, प्रवासाची व शोधाची किंमत घेत होता आणि लेखकाचा वाटा पोहोचविण्याचा एकही मार्ग त्याला उपलब्ध नव्हता. पण मार्ग नसणे वेगळे आणि वाटा नसणे वेगळे. परदेशी प्रकाशकांच्या बाबतीत या फरकाचे व्यावहारिक मोल थोडे होते. देशातील लेखकांच्या बाबतीत ते फार मोठे निघाले.

घरच्या लेखकाचे नुकसान

१९८६ मध्ये मार्चिन बोर्कोव्स्की यांनी स्पेक्ट्रमसाठी लिहिलेला 'पुश्का पांडोरी' म्हणजे 'पँडोराची पेटी' हा शब्दांवर चालणारा साहसखेळ सरकारी प्रकाशन संस्थेने विक्रीस आणला. विक्रीसाठी प्रसिद्ध झालेला पहिला पोलिश खेळ म्हणून त्याचा उल्लेख होतो. या खेळाचा लेखक त्याच देशात राहत होता, त्याची भाषा गिऱ्हाइकाचीच होती आणि किंमत झ्लोटीत देता येत होती. म्हणजे परदेशी खेळाच्या प्रतीसाठी जी कारणे पुढे केली जात (माल मिळत नाही, चलन नाही, लेखक दूर आहे) त्यांतील एकही येथे लागू पडत नव्हते. तरीही पोलिश खेळ त्याच टेबलावर, त्याच यादीत आणि त्याच दराने विकला जाण्यास काहीच आडकाठी नव्हती. गिऱ्हाइकाला एकदा खेळाची किंमत म्हणजे कोऱ्या फितीची किंमत व वर थोडेसे अशी सवय लागली, की त्याच्या लेखी 'ओशन'सारख्या ब्रिटिश कंपनीचा खेळ आणि शेजारच्या गल्लीतील विद्यार्थ्याचा खेळ यांत फरक राहत नाही.

येथे स्पर्धेचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. स्वदेशी लेखकाची खरी स्पर्धा आपल्याच खेळाच्या नकलेशी जेवढी होती, त्याहून अधिक ती जगातील उत्तमोत्तम खेळांच्या जवळजवळ फुकट प्रतींशी होती. दहा-वीस जणांच्या चमूने महिनोन्महिने खपून केलेला अमेरिकी खेळ आणि एकट्याने घरी लिहिलेला पोलिश खेळ दोन्ही एकाच भावात मिळत असतील, तर दुसरा घेण्यास भाषाप्रेमावाचून कारण उरत नाही. जकातीच्या अर्थशास्त्रात यास अतिस्वस्त आयात म्हणतात आणि सरकारे तिच्याविरुद्ध कर बसवतात. कॅसेटवर असा कर बसविणे शक्य नव्हते.

काही जणांनी यातूनही वाट काढली. जेशूफ येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या 'एल.के. अवालोन' या संस्थेने अटारी व कमोडोरसाठी पोलिश लेखकांचे खेळ कॅसेटवर विकले; यानुश पेल्त्स यांचा 'रोब्बो' हा त्यांतील गाजलेला. १९९२ मध्ये आद्रियान ख्मिएलाश व ग्जेगोश मिएखोव्स्की यांनी 'मेट्रोपोलिस सॉफ्टवेअर' काढली. तिचा 'तायेम्नित्सा स्तातुएत्की' (पुतळीचे रहस्य) हा साहसखेळ १९९३ मध्ये निघाला. पोलिश भाषेतील अशा प्रकारचा आणि वैयक्तिक संगणकासाठीचा हा आरंभीचा व्यावसायिक खेळ होय. छायाचित्रांवरून केलेली पार्श्वभूमी आणि गुप्तहेरकथेचा बाज यांमुळे तो देशभर खेळला गेला. अधिकृत विक्री मात्र काही हजारांच्या घरातच राहिली. त्या काळी संगणक हाताळलेल्या पोलिश माणसांच्या आठवणींत हा खेळ ज्या सहजतेने येतो, त्याच्याशी या आकड्याचा मेळ बसत नाही.

पोलंडमधील चाचेगिरीने एका पिढीला संगणक शिकविला व तिच्यातूनच उद्योग उभा राहिला, हे म्हणणे खोटे नाही. पण ते जिवंत राहिलेल्यांचे म्हणणे आहे. ज्या खेळलेखकाने पहिल्या खेळाच्या अनुभवानंतर दुसरा लिहिलाच नाही, तो मुलाखती देत नाही. त्याची संख्या मोजता येत नाही म्हणून त्याचे नुकसान शून्य धरले जाते. ब्रिटनमधील प्रकाशकाने न मिळालेल्या विक्रीचे जे हिशेब मांडले असते त्यांपेक्षा हे नुकसान अधिक खरे होते, कारण ते प्रत्यक्ष माणसाचे, प्रत्यक्ष बाजारातील होते.

१९९४ चा कायदा

१९८९ नंतर बाजार खुला झाला, झ्लोटी परिवर्तनीय झाला आणि त्याबरोबर बाहेरचा फिर्यादी दारात आला. अमेरिका व पोलंड यांच्यात मार्च १९९० मध्ये झालेल्या आर्थिक करारात बौद्धिक संपदेच्या संरक्षणाची हमी होती. डिसेंबर १९९१ मध्ये युरोपीय समुदायाशी झालेल्या करारानेही तेच बंधन घातले. समुदायाने त्याच वर्षी संगणकीय कार्यक्रमांना साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण देण्याचा निर्देश काढला होता. या दडपणातून ४ फेब्रुवारी १९९४ चा नवा लेखाधिकार कायदा आला आणि मे १९९४ मध्ये अंमलात आला. संगणकीय कार्यक्रम आता निःसंदिग्धपणे संरक्षित झाले.

भारतातील घटनाक्रमाशी याचे साम्य लक्षवेधक आहे. १९५७ च्या भारतीय कायद्यात संगणकीय कार्यक्रमाचा समावेश १९८४ च्या दुरुस्तीने झाला आणि अनधिकृत कार्यक्रम जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाही कलम ६३-ब अन्वये स्वतंत्र गुन्हा ठरला तो १९९४ च्याच दुरुस्तीने. त्यानंतरही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अनधिकृत सीडी मिळत राहिल्या, हे सर्वविदित आहे. कायद्याची तारीख आणि सवयीची तारीख एक नसते. वॉर्सातही विक्री थांबली नाही. ती 'दहाव्या वर्धापनदिनाच्या क्रीडागारा'तील अवाढव्य बाजारात अधिक जोमाने चालू राहिली, फक्त आता शाळकरी मुलाच्या जागी पूर्वेकडील देशांत छापलेल्या सीडींचा संघटित व्यापार आला.

हा बदल नैतिक दृष्ट्या महत्त्वाचा आहे. १९८६ मधील प्रत ही अभावातून आली होती, तर १९९८ मधील प्रत दुकानात अधिकृत माल उपलब्ध असताना, तो टाळून घेतलेली होती. दोन्हींना एकाच नावाने संबोधणे कायद्याला सोयीचे असले, तरी इतिहासाला नाही.

पाच चकत्यांची पेटी

नव्या कायद्याच्याच वर्षी, १९९४ मध्ये, इविन्स्की व किचिन्स्की यांनी सुमारे दोन हजार डॉलरांच्या भांडवलावर, मित्राच्या घरातील एका खोलीत 'सीडी प्रोजेक्ट' सुरू केली. अमेरिकेतून सीडीवरील खेळ आणून ते पोलंडमध्ये विकणे, हा त्यांचा व्यवसाय होता. काही काळ तंत्रज्ञानच त्यांच्या बाजूने होते. एका सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावे. त्या वेळच्या घरगुती संगणकाच्या संपूर्ण साठ्यापेक्षा हे बहुधा अधिक होते आणि सीडी लिहिणारे यंत्र सामान्य माणसाच्या खिशाबाहेर होते. दशकाच्या अखेरीस ती यंत्रे स्वस्त झाली आणि हे नैसर्गिक कुलूप निखळले.

१९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा कॅनडात तयार झालेला भूमिकाखेळ पोलिश भाषेत आणला. खेळातील संवादांसाठी प्योत्र फ्रोन्चेव्स्की यांच्यासारखे नामवंत नट घेतले. पेटीत पाच सीडी, कागदी नकाशा, पोलिश नियमपुस्तिका आणि संगीताची तबकडी घातली. किंमत चढी ठेवली, परंतु पाच चकत्यांची नक्कल करण्यास विक्रेत्यालाही खर्च येई, त्यामुळे चोरट्या प्रतीचा स्वस्तपणा नेहमीइतका उठून दिसला नाही. संस्थेने दिलेल्या आकड्यानुसार पहिल्याच दिवशी १८,००० प्रती गेल्या. त्या देशात, त्या काळात, हा आकडा अविश्वसनीय होता.

या यशाचा अर्थ नीट लावला पाहिजे. गिऱ्हाइकाला अचानक सदाचाराची जाणीव झाली, असे मानण्यास आधार नाही. त्याला प्रथमच असे काही देण्यात आले जे ग्शिबोव्स्का किंवा क्रीडागारातील टेबल देऊ शकत नव्हते: आपली भाषा, ओळखीचे आवाज, हातात धरता येणारी वस्तू. याचे दुसरे टोकही विसरता येत नाही. खेळ कॅनडाचा होता. पोलिश भाषा त्यावर चढविलेली होती. पोलिश लेखकाने पोलिश भाषेत लिहिलेल्या 'तायेम्नित्सा स्तातुएत्की'ला सहा वर्षांपूर्वी असे पेटीचे ऐश्वर्य परवडले नव्हते. नकलेशी झुंजण्याचे हे साधन भांडवलाचे होते, आणि ते भांडवल लेखकाच्या आधी वितरकाच्या हाती साचले.

कुलूप आणि पत्रे

सीडी प्रोजेक्टचा स्वतःचा पहिला खेळ 'द विचर' २००७ मध्ये आला. तो आंजेय सापकोव्स्की यांच्या पोलिश अद्भुतकथांवर आधारित होता; याच कथांवरचा खेळ मेट्रोपोलिसने १९९० च्या दशकात हाती घेऊन अर्धवट सोडला होता. २००८ मध्ये संस्थेने जुने खेळ महाजालावरून अल्प किमतीत व कोणत्याही कुलपाविना विकणारे 'जीओजी' हे दुकान उघडले. कुलूप म्हणजे खरेदीदाराने खेळ कोठे, किती वेळा बसवावा यावर बंधन घालणारी प्रणाली. तिच्यामागे विचार असा असे, की बंधन कडक केले की चोरी घटते. ग्शिबोव्स्कावर वाढलेल्या माणसांना हे पटण्यासारखे नव्हते, कारण कुलूप फोडणारा ते एकदाच फोडतो आणि त्याचा जाच प्रामाणिक गिऱ्हाईक रोज सोसतो.

कुलपाचे आणखी एक वैगुण्य जपणुकीच्या प्रश्नात दिसते. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये 'रेनबो सिक्स: वेगास २' या आपल्या खेळासाठी जी अधिकृत दुरुस्ती दिली, ती कुलूप फोडणाऱ्या एका टोळीनेच तयार केलेली फाइल असल्याचे उघड झाले. मालकाला स्वतःच्या घरात शिरण्यासाठी चोराची किल्ली लागली. जुन्या खेळांच्या अभ्यासकांना हा अनुभव नवा नाही.

'द विचर २' मे २०११ मध्ये आला. त्याच महिन्यात पोलंडच्या पंतप्रधानांनी वॉर्सा भेटीस आलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांना दिलेल्या भेटवस्तूंत या खेळाची प्रत होती. दुकानातील पेटीबंद आवृत्तीला वितरकांच्या आग्रहास्तव कुलूप होते, 'जीओजी'वरील आवृत्ती खुली होती. गमतीची गोष्ट अशी, की महाजालावर फिरली ती फोडलेल्या कुलपाची आवृत्ती; खुली आवृत्ती उचलण्यात फोडणाऱ्यांना पुरुषार्थ वाटला नसावा. इविन्स्की यांनी त्याच वर्षी या खेळाच्या पंचेचाळीस लाखांहून अधिक अनधिकृत प्रती उतरविल्या गेल्या असाव्यात असा अंदाज सांगितला. अंदाज ढोबळ होता आणि प्रत्येक उतरविलेली प्रत म्हणजे बुडालेली विक्री नव्हे, हे तर पूर्वीच्या ग्शिबोव्स्का-ग्राहकाला कोणी शिकवावे असे नव्हते.

तरीही २०११ च्या अखेरीस जर्मनीतील अनेकांना संस्थेच्या वतीने वकिलांची पत्रे गेली; अनधिकृत प्रत उतरविल्याबद्दल शेकडो युरोंची मागणी त्यांत होती. संगणकाच्या जोडणीचा क्रमांक हाच मुख्य पुरावा असल्याने निर्दोष माणूसही गोवला जाण्याची भीती व्यक्त झाली. टीका इतकी झाली, की जानेवारी २०१२ मध्ये संस्थेने खुले पत्र काढून हा प्रकार थांबविला. चाचेगिरीस आपला विरोध कायम आहे, पण ग्राहकांचा विश्वास अधिक मोलाचा आहे, अशी तिची भूमिका होती. २०१५ मधील 'द विचर ३' पुन्हा कुलपाविनाच निघाला. मार्च २०१८ मध्ये ही संस्था वॉर्सा शेअर बाजाराच्या वीस प्रमुख समभागांत, अर्थात दुसऱ्या अर्थाच्या 'ग्येउद्या'त, जाऊन बसली.

कलम ४४

याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सापकोव्स्की यांच्या वकिलांनी सीडी प्रोजेक्टकडे किमान सहा कोटी झ्लोटींची मागणी केली. लेखकाने कथांचे खेळविषयक हक्क पूर्वी ठोक रकमेला दिले होते. नफ्यातील टक्का त्यांना देऊ केला असता त्यांनी तो नाकारल्याचे त्यांनीच मुलाखतीत सांगितले होते, कारण खेळ यशस्वी होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. सही झाली होती, पैसे पोचले होते, कोणतीही अनधिकृत प्रत निघाली नव्हती. मागणीचा एक आधार होता तो १९९४ च्या लेखाधिकार कायद्यातील कलम ४४. निर्मात्यास मिळालेला मोबदला आणि हक्क घेणाऱ्यास झालेला लाभ यांत ढळढळीत विषमता असल्यास निर्मात्याला न्यायालयामार्फत वाढीव मोबदला मागता येईल, असे हे कलम सांगत होते. ग्शिबोव्स्कावरील टेबले ज्या कायद्याने बेकायदा ठरली, त्याच कायद्याचे हे कलम. त्या टेबलांसमोर वाढलेल्या दोघांच्या संस्थेला आता विचारण्यात येत होते, की करार पाळला म्हणजे लेखकाचा वाटा पोहोचला काय.

संस्थेने आरंभी मागणी निराधार ठरविली. २० डिसेंबर २०१९ रोजी उभय पक्षांत नवा करार झाल्याचे जाहीर झाले. रक्कम सांगितली गेली नाही.